एकवीस लाल रेघा

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या मधल्या आठ पानांवर दोन रकाने आखलेले आहेत; डाव्या रकान्यात नववीतल्या एका मुलाचे बोलणे आहे आणि उजव्या रकान्यात माझे. समुपदेशन मानसशास्त्रातील एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, इंटर्नशिपच्या काळात, त्या मुलाशी झालेली चाळीस मिनिटांची भेट मी त्याच संध्याकाळी आठवून शब्दशः लिहून काढली होती. माझ्या पर्यवेक्षिका बाईंनी ती पाने शांतपणे वाचली, पिशवीतून लाल पेन काढले आणि उजव्या रकान्यातील वाक्यांखाली एकेक रेघ ओढत गेल्या. मी एकूण ३६ वाक्ये बोलले होते आणि त्यांपैकी २१ वाक्यांखाली रेघ आली. “वेळापत्रक केलंस तर सगळं जमेल.” “आईवडील तुझ्यासाठीच राबतात ना?” “असा विचार करायचा नसतो.” त्या वाक्यांत चुकीचे काय आहे, हे मला खरोखरच कळेना.

“ही सगळी वाक्यं चांगली आहेत,” बाई म्हणाल्या, “पण यातलं एकतरी त्या मुलाने पहिल्यांदाच ऐकलं असेल, असं वाटतं का तुम्हाला?”

तेव्हा माझ्या शिक्षकी नोकरीला एकोणीस वर्षे झाली होती. अमळनेर आणि चोपड्याच्या मधल्या, तापीकाठच्या एका गावातील अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. सांगणे, समजावणे, पुन्हा सांगणे आणि समोरच्याला पटले की नाही ते पाहणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि तो मी मनापासून केला आहे. त्यामुळे या पदवीत मला नवे शिकावे लागले त्याहून अधिक जुने बाजूला ठेवावे लागले, आणि ते फार अवघड गेले.

मी हा अभ्यास का हाती घेतला, ते सांगायचे तर एका मुलीविषयी सांगावे लागेल. ती आठवीत होती. आमच्या भागातील काही कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. मुले एकतर आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जातात किंवा आजीजवळ गावी राहतात. ही मुलगी आजीजवळ राहिली होती. दर सोमवारी दुसऱ्या तासाला ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राही आणि हळूच म्हणे, “मॅडम, मन्हा पोटमा दुखस.” मी ओवा दिला, गरम पाणी दिले, एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाठवले, डॉक्टरांना काही आढळले नाही. मग एका सोमवारी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावले आणि अगदी मायेने, पाठीवर हात ठेवून, दहा मिनिटे समजावले. आईवडील इतक्या लांब कोणासाठी कष्ट करतात, शाळा बुडवली तर दहावीला काय होईल, पोटदुखीची सबब किती दिवस चालेल, असे सगळे बोलले. तिने मान डोलावली. पुढच्या सोमवारपासून तिने तक्रार केली नाही, आणि मला वाटले की आपण एक काम चांगले केले.

जानेवारीत ती शाळेत यायची थांबली. मी घरी गेले तेव्हा आजीने सांगितले की रविवारी रात्री आईचा फोन येई, आणि फोन ठेवला की पोर रात्रभर जागीच राही. पोटात दुखायचे ते त्या फोननंतर. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून वडील येऊन तिला घेऊन गेले होते. माझ्या बोलण्यामुळे ती गेली, असे मी म्हणत नाही. पण तिने मला दहा-बारा सोमवार काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला आणि मी तिला गप्प केले, ते ओझे माझेच आहे. पुढे पुस्तकात वाचले की ज्या ताणाला मुलांजवळ शब्द नसतात तो पोटदुखी, डोकेदुखी, उलटी अशा वाटांनी बाहेर येतो आणि ते दुखणे खरेच असते, सबब नसते. त्या दिवशी मी पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसले होते.

प्रवेशाच्या वाटा फारशा नव्हत्या. नियमित एम.ए. करायचे तर नोकरी सोडावी लागली असती. एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम शिक्षकांसाठीच आखलेला आहे. त्यात सहा महिने घरी अभ्यास, तीन महिने केंद्रावर राहून प्रात्यक्षिके आणि शेवटचे तीन महिने आपल्या भागात इंटर्नशिप अशी रचना असते. आपल्याला जवळचे केंद्र म्हणजे भोपाळ. धाकटा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. तीन महिने घराबाहेर राहणे मला शक्य नव्हते. राहिले ते इग्नू या मुक्त विद्यापीठाचे दूरशिक्षण. तिथे मानसशास्त्राच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेची पदवी चालत असे आणि दुसऱ्या वर्षी समुपदेशन हा विशेष विषय घेता येई. २०२१ च्या जुलै सत्रासाठी मी अर्ज भरला.

अर्ज भरताना सर्वांत जास्त वेळ माझ्या नावाने घेतला. बी.एस्सी.च्या पदवीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि दहावीच्या सनदेवर आईचे नाव एका अक्षराने चुकलेले. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र अशा फेऱ्या मी सायबर कॅफे आणि तालुक्याची कचेरी यांच्यामध्ये घालत होते. शिकू पाहणाऱ्या किती बायका या एकाच पायरीवर परत फिरत असतील, हा विचार मला तेव्हा आला आणि अजून सोडत नाही.

ना हरकत पत्रावर सही करताना मुख्याध्यापक सरांनी विचारले, “मॅडम, आपल्या शाळेत समुपदेशकाचं पदच मंजूर नाही. मग या पदवीचा उपयोग काय?” त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी, हे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सांगितले, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ते शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले, आणि तरीही खेड्यातल्या शाळेत तो माणूस कधी आलाच नाही. मी सरांना एवढेच म्हणाले की पदासाठी शिकत नाही, सोमवारसाठी शिकते आहे. त्यांना ते कळले असेल असे वाटत नाही, पण त्यांनी सही केली आणि पुढची तीन वर्षे माझ्या परीक्षांच्या रजा कधी अडवल्या नाहीत.

पहाटे साडेचारला उठून अभ्यास करायचा, सहाला स्वयंपाक, दहाला शाळा. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र मला सोपे गेले. बोधात्मक मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व, सामाजिक मानसशास्त्र हे मेहनतीने झाले. जीवनविकासाच्या पुस्तकाने मात्र दमवले, कारण त्यातल्या प्रत्येक पानावर माझ्या घरातले किंवा वर्गातले कोणीतरी उभे असे. या अभ्यासक्रमाचे माध्यम इंग्रजी आणि हिंदी. मी इंग्रजी निवडले होते, आणि लवकरच लक्षात आले की पुस्तकातल्या भावना आणि माझ्या मुलांच्या भावना यांच्यामध्ये एक भाषा नसून दोन भाषा आहेत. अँक्झायटीला मराठीत चिंता म्हणतात हे ठीक. पण आमचा सातवीतला मुलगा “मला चिंता वाटते” असे कधीच म्हणणार नाही. तो म्हणतो, “माले भ्याव वाटस”, “जीव घाबरस”, किंवा काहीच न म्हणता पेन्सिलीने बाकावर खड्डा करत राहतो. वर्गात अहिराणी बोललेली चालत नाही, असे वर्षानुवर्षे आम्हीच शिकवलेले. जी भाषा दाराबाहेर ठेवायला सांगितली, त्याच भाषेत त्याचे दुःख असते, आणि मग तेही दाराबाहेर राहते. मी पुस्तकांच्या समासात मुलांचे शब्द लिहू लागले. रावेर-यावलकडून आलेल्या मुलींचे लेवा बोलीतले शब्द वेगळे असत, तेही टिपले. परीक्षेत त्याला गुण नव्हते, पण माझ्या लेखी त्या दोन वर्षांतला तो सर्वांत कामाचा अभ्यास होता.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याविषयी वाचताना एक प्रसंग सापडला. १९२८ पासून बारा वर्षे ते अमेरिकेतील रोचेस्टर येथे मुलांसाठी असलेल्या एका संस्थेत काम करत होते. एका उनाड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचे मूळ आईने त्याला लहानपणी दूर लोटण्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो तिला पटवून देण्याचा ते अनेक भेटींत, अगदी सौम्यपणे, प्रयत्न करत राहिले. काही साधेना, तेव्हा त्यांनी आता थांबू या असे सुचवले. तीही कबूल झाली, उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळून तिने विचारले, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? मग ती परत येऊन बसली आणि आपल्या मोडत चाललेल्या संसाराविषयी, स्वतःच्या गोंधळाविषयी बोलू लागली. खरे काम तिथून सुरू झाले. कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हे आपल्याला त्या बाईमुळे कळले, असे रॉजर्स यांनी पुढे सांगितले आहे. १९५७ मध्ये त्यांनी समुपदेशकासाठी ज्या अटी मांडल्या, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, त्याला विनाअट स्वीकारणे आणि स्वतः आतून-बाहेरून एकच असणे, त्या मी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. पण मला त्या कळल्या त्या दारापाशी वळलेल्या बाईवरून.

समुपदेशन या शब्दातच उपदेश दडलेला आहे. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांच्या मनात काय होते ते असो, आमच्या गावात तरी त्याचा अर्थ ‘चार शब्द समजावून सांगणे’ असाच घेतला जातो. पालक मुलाला हाताला धरून आणतात आणि म्हणतात, मॅडम, याले जरा समजाडा. समजावण्याची ही अपेक्षा इतकी पक्की आहे की ऐकून घेणाऱ्या माणसाने काहीच केले नाही, असे त्यांना वाटते. मलाही कितीतरी दिवस तसेच वाटत असे.

दुसऱ्या वर्षी व्यवसाय मार्गदर्शनाचा इतिहास आला आणि तो मला अनपेक्षितपणे जवळचा वाटला. १९०८ साली बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले, ते कामाच्या शोधात शहरात आलेल्या, परदेशातून स्थलांतर करून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. मुलाने स्वतःला ओळखावे, कामांची माहिती करून घ्यावी आणि मग या दोहोंचा मेळ नीट विचार करून घालावा, एवढी साधी त्यांची रीत होती. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी होत असे. एका मुलाच्या अहवालात ललित कलांकडे कल दिसला होता. त्याच्या वडिलांनी तो कागद दोन्ही हातांत धरून मला विचारले, “मॅडम, यानं काय करानं?” त्यांच्याजवळ तीन एकर कापूस होता आणि विहिरीचे पाणी मार्चमध्ये आटत असे. चाचणी झाली होती, कागदही आला होता; त्या कागदाजवळ मुलाला आणि वडिलांना घेऊन तासभर बसणे तेवढे राहून गेले होते, आणि ते काम आम्हा शिक्षकांचे होते. पार्सन्स यांची तिसरी पायरी म्हणजे तो तासभर.

इंटर्नशिपचे बरेचसे दिवस मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत काढले. तिथली बहुतेक मुले पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली. त्यांना अहिराणीही परकी आणि मराठी त्याहून परकी. पाचवीतल्या एका मुलाविषयी शिक्षकांचे मत होते की त्याची समजच कमी आहे. पर्यवेक्षिका बाईंच्या सांगण्यावरून मी त्याला रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी दिली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत शब्द नाहीत, अपुरी नक्षी कोणत्या तुकड्याने पूर्ण होते एवढेच ओळखायचे असते. सुरुवातीला तो माझ्या चेहऱ्याकडेच पाहत होता. चौथ्या-पाचव्या नक्षीनंतर त्याने माझ्याकडे पाहणे सोडले, पुस्तिका स्वतःकडे ओढून घेतली आणि बोट ठेवत भराभर पुढे गेला. शेवटच्या पानावर तो थांबला, पान उलटून अजून काही आहे का ते पाहिले आणि मागच्या एका अवघड नक्षीकडे परत जाऊन आपले उत्तर बदलले. बदललेले उत्तर बरोबर होते. एका चाचणीवरून मुलाविषयी निवाडा करू नये, हे मला शिकवलेले होते आणि मी तो केला नाही; पण ‘समज कमी’ हा निवाडा तर कोणतीही चाचणी न घेताच झालेला होता.

लाल रेघांची भेट याच शाळेतली. त्यानंतर मी आणखी बारा भेटी त्याच पद्धतीने लिहून काढल्या. रेघा कमी होत गेल्या, पण सरळ उतरत्या नाहीत. चौदावर आल्या, मग पुन्हा अठरा झाल्या, कारण त्या मुलीची गोष्ट माझ्या घरच्या गोष्टीसारखी होती आणि मला तिला लवकर बरे करायचे होते. बाईंनी त्या दिवशी एकही रेघ समजावून सांगितली नाही. “इथे तुम्ही कोणाशी बोलत होतात?” एवढेच विचारले आणि पाने परत दिली.

गुप्ततेचा धडा सर्वांत जड होता. मूल म्हणते, मॅडम, कोनले सांगू नका. आणि शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जाते की नाही सांगणार. ते वचन आपल्याला देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. म्हणून ही मर्यादा पहिल्याच भेटीत, मूल काही बोलण्यापूर्वी, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावी लागते. मी ते वाक्य अहिराणीत बसवण्यासाठी दोन रात्री घालवल्या. ते ऐकून एक मुलगी उठून निघून गेली होती. नऊ दिवसांनी ती परत आली, आणि तिने जे सांगितले ते योग्य ठिकाणी पोहोचले. त्याहून अधिक मी इथे लिहिणार नाही.

२०२४ मध्ये पदवी हातात आली. शाळेत पद अजूनही नाही. मुख्याध्यापक सरांनी नकाशे आणि तक्ते ठेवण्याची खोली रिकामी करून दिली. तिच्यात दोन खुर्च्या आहेत, समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे मुलाला वाटले तर खिडकीबाहेर पाहता येते. माझे शिकवण्याचे तास पूर्वीइतकेच आहेत. मधली सुट्टी आणि आठवड्यातले दोन मोकळे तास मी तिथे बसते. भिंतीवर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, कारण मुलांना रात्रीही कोणीतरी लागते.

२०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्याच महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की आरोग्याशी जोडलेल्या ज्या विषयांत मानसशास्त्रही येते, ते त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत. या निर्णयामागचे कारण मला मान्य आहे. माणसाच्या मनाशी काम करणाऱ्याला कोणीतरी समोर बसून शिकवले पाहिजे. त्या लाल पेनावाचून माझी पदवी हा केवळ कागद राहिला असता. पण ज्या दारातून मी आत आले ते दार बंद झाले, आणि धडगाव, शिरपूर, चोपडा इथल्या शिक्षिकांसाठी दुसरे दार त्यांच्या घराजवळ अजून कोणी उघडलेले नाही. शाळेत समुपदेशक हवा असे सांगायचे, तर तो घडेल कुठे, याचीही सोय तालुक्याच्या अंतरावर हवी, आणि प्रत्यक्ष पर्यवेक्षणासह हवी, असे माझे ठाम मत आहे.

त्याच सप्टेंबरात धडगाव भागातल्या एका शिक्षिकेचा फोन आला. मूळची साक्रीकडची, वसतिगृहाच्या शाळेत नोकरी, मुलगी दोन वर्षांची. तिला हाच अभ्यास करायचा होता. मी तिला भोपाळच्या पदविकेविषयी सांगितले. ती म्हणाली, “ताई, तीन महिने लेकराला कोणाकडे ठेवू?” माझ्याजवळ चार उत्तरे तयार होती, ती मी दिली नाहीत. बराच वेळ फोनवर दोघीही गप्प होतो. मग ती तिच्या वसतिगृहातल्या एका मुलीविषयी बोलू लागली, जी राखीपौर्णिमेला घरी जाऊन आल्यापासून रात्री जेवत नव्हती.

तेव्हापासून ती महिन्यातून दोन शनिवार मला आठ-दहा पाने पाठवते. नाव नाही, गाव नाही, वर्ग नाही. डावीकडे मुलीचे बोलणे आणि उजवीकडे तिचे. त्याला आम्ही समुपदेशन म्हणत नाही, आणि प्रकरण आमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर ते जिल्हा रुग्णालयात पाठवायचे हे आधीच ठरलेले आहे. पानांची प्रत काढून मी त्यांवर रेघा ओढते, लाल पेनाने नाही, पेन्सिलीने. गेल्या शनिवारच्या पानांवर नऊ होत्या.